केक कोणाच्या जागी ठेवला होता

मी, उबाल्दिना पोर्तुओन्दो, लेओविहिल्दोची विधवा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा मोटारींच्या ब्रेकच्या नळ्या करणे, राहणार तिवोली वस्ती, सान्तियागो दे कुबा, हे माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत अशी मी चौकशी केली आहे. मला कोणी फूस लावलेली नाही आणि धाकही घातलेला नाही. या घरात मला धाक घालू शकेल असा माणूस अजून जन्मायचा आहे. यापूर्वी मी एकदा रागाच्या भरात मृत्युपत्र केलं होतं आणि त्यात सगळं शेजारच्या बोकडाला दिलं होतं. तो बोकड गेल्या कार्निव्हलमध्ये रस्सा होऊन गेला, त्यामुळे ते कागद रद्द समजावेत.

मला दोन मुलं. थोरली यामिल्का, धाकटा ओस्मानी. दोघंही याच घरात राहतात आणि तीन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत मागतात. मी मेल्यावर यांना अळणी खावं लागेल, या काळजीनेच मी हे लिहायला बसले आहे.

कलम पहिलं, किरकोळ वस्तू. झुलती खुर्ची कास्तुलोला द्यावी. तो माझा डॉमिनोचा जोडीदार, बँडमधला निवृत्त ट्रॉम्बोनवाला, आणि तसाही दिवसभर त्याच खुर्चीत पडलेला असतो. डॉमिनोच्या सोंगट्याही त्यालाच द्याव्यात, म्हणजे दुहेरी सहा बाहीत लपवायची त्याला गरज उरणार नाही. कोब्रे गावची माउली देव्हाऱ्यातून हलवू नये. तिच्यासमोर रोज थोडा मध ठेवावा. मुंग्या लागल्या तर तिला चालतं, मी विचारलं आहे.

कलम दुसरं, घर. पुढची खोली आणि गॅरेज यामिल्काचं. माळ्यावरची खोली आणि गच्ची ओस्मानीची, त्याच्या कबुतरांसकट. स्वयंपाकघर दोघांचं. मध्ये भिंत घालायची नाही. घातली तर मी येऊन पाडीन, आणि मी कामात किती चोख आहे हे दोघांना माहीत आहे.

कलम तिसरं, दारावरची पाटी. तिच्यावर ‘लेओविहिल्दो, ब्रेक’ असं लिहिलं आहे. लेओविहिल्दो माझा नवरा. देखणा होता, गायचा छान, आणि ब्रेकमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. नळीचं तोंड फुलवायच्या, म्हणजे टोक दाबून रुंद करायच्या, आधी तिच्यावर नट सरकवून घ्यावा लागतो, कारण एकदा तोंड फुललं की नट चढत नाही. हे तो जन्मभर विसरला. झकास तोंड फुलवायचा, लांब धरून बघायचा, शीळ घालायचा आणि मग बाकावर पडलेल्या नटाकडे बघून म्हणायचा, “उबाल्दिना, हा इथे काय करतोय गं?” मग तोंड कापायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्याच्या हातात लांब नळ्या आखूड व्हायच्या आणि आखूड नळ्या भंगारात जायच्या. शेवटी एका गिऱ्हाइकासमोर मी त्याच्या हातातून हत्यार काढून घेतलं, आणि त्या दिवसापासून तो दारात बसून गप्पा मारायचा आणि मी काम करायचे. दोघंही सुखी झालो.

ब्रेकचं तेल मिळेना त्या वर्षांत त्याने एरंडेल आणि स्पिरिट मिसळून तेल बनवलं. स्पिरिट अर्धं गाडीत जायचं, अर्धं त्याच्या पोटात. दुसऱ्या काहींनी शॅम्पूत साखर विरघळवून घातली, त्यांच्याबद्दल मी काही लिहीत नाही, कारण त्यातले दोघं माझे दीर आहेत. पाटी उतरवू नये. मेलेल्या माणसाचं नाव खोडणं बरं दिसत नाही. फक्त खाली बारीक अक्षरात ‘काम बायको करायची’ एवढं लिहावं.

कलम चौथं महत्त्वाचं आहे, तेव्हा कास्तुलोला उठवून वाचून दाखवावं.

आमच्या गॅरेजची एक रीत आहे, ती मी घातली. नळी नवी केली की गाडी गल्लीच्या टोकाला न्यायची आणि पूर्ण उतार खाली आणायची. आमची गल्ली अशी उभी आहे की पाव हातातून निसटला तर तळाशी जेनेरोसाच्या घरात मिळतो. आणि या पहिल्या उतारावर, नळी ज्याने केली त्याने गाडीत पुढे, खिडकीकडच्या जागी बसायचं. गाडी मालक चालवेल नाहीतर त्याचा मेहुणा चालवेल, पण ती जागा नळी करणाऱ्याची. डॉक्टरीणबाईंच्या गाडीत मी बसले आहे, कोंबड्यांच्या ट्रकमध्ये बसले आहे, आणि सातव्या महिन्यात यामिल्काला पोटात घेऊनही बसले आहे. त्या जागेवर बसायचं आहे हे ठाऊक असलं की हात आपोआप नीट चालतो. यामिल्काला मी हे काम शिकवलं त्याच दिवशी ही रीतही शिकवली, आणि पोरीने ती एकदाही मोडली नाही.

आता हिरवी गाडी. ती बावन्न सालची अमेरिकन, मागे लांबलचक. तिचं नाव नाकावरून कधीच गळून पडलं. इंजिन रशियन ट्रकचं आहे, दिवे कुठले ते विचारू नये. तिने डुकरं वाहिली, गाद्या वाहिल्या, एक अख्खी नवरी घागऱ्यासकट वाहिली. तिच्या ब्रेकला तेलाची एकच वाट आहे. कुठेही एका नळीने दगा दिला की चारही चाकं मोकळी सुटतात आणि पेडल थेट फरशीला टेकतं. हातब्रेक आहे, तो शोभेचा.

माझ्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला ओस्मानी गल्लीच्या टोकाच्या केकवाल्या बाईकडून माझा केक आणायला निघाला. निळ्या फेसाचा, तीन मजली. निघताना त्याला मागच्या चाकाची नळी ठिबकताना दिसली. यामिल्का खायच्या तेलाच्या रांगेत उभी होती. माझ्या लेकाने काय केलं? मेलेल्या फ्रिजमधून तांब्याची नळी उपटली, तिचं तोंड एकेरी फुलवलं आणि बसवून टाकली. तांब्याची एकेरी तोंडाची नळी फ्रिजला ठीक आहे, फ्रिज उतारावर धावत नाही. ब्रेकला पोलादी नळी लागते, आणि तोंड दुहेरी लागतं: आधी छोटा ठोकळा घालून कड आत वळवायची, मग ठोकळा काढून सुळक्याने पुन्हा दाबायचं, म्हणजे दोन पदरांची जाड कड तयार होते. दोनदा दाबावं लागतं. ओस्मानीकडे एकदाच दाबण्याइतका धीर होता.

मी दारात नवा झगा घालून बसले होते. वरून हिरवी येताना दिसली. खिडकीत निळा केक दिसला. मी उठून हात हलवला. गाडी थांबली नाही. माझा वाढदिवसाचा केक माझ्या दारावरून, माझ्या डोळ्यांदेखत पुढे गेला, आणि त्याच्या मागे ओस्मानीचा आवाज, “आईऽऽ!” मग तळाशी जेनेरोसाच्या दिवाणखान्याची भिंत, काचेचं कपाट आणि तिच्या सासूची तसबीर एकदमच खाली आली. देवाची दया, कोणाला खरचटलंही नाही. सासू आधीच वारली होती.

आणि तिथे, निळ्या फेसाने माखलेल्या तोंडाने, जमलेल्या लोकांसमोर हा म्हणाला, “नळी यामीने सकाळी केली होती. मला काय माहीत!”

घाबरला होता, मला कळतं. पण तो पुढेही तेच म्हणत राहिला, आणि लोकांना ते पटलं, कारण आमच्याकडे नळ्या यामिल्काच करते हे सगळ्यांना ठाऊक. जेनेरोसाने तिचा नमस्कार घेणं सोडलं. टॅक्सीवाले आमच्या दारावरून पुढे, दुसऱ्याकडे जाऊ लागले. मी घसा फोडून सांगितलं, तर लोक म्हणाले, आईच ती, मुलीची बाजू घेणारच. आज माझी मुलगी, जिच्या हातासारखा हात या शहरात नाही, दारात स्टूल टाकून लोकांच्या लायटरमध्ये गॅस भरते. हिरवी विटांवर उभी आहे. यामिल्का तिला शिवत नाही, आणि ओस्मानीची तिला सांगायची छाती नाही. तो दुसऱ्याच्या गाडीच्या दाराला लोंबकळून सवाऱ्यांसाठी ओरडतो.

तर मी या कागदावर एकच प्रश्न विचारते. नळी यामिल्काने केली असती, तर पहिल्या उतारावर खिडकीकडच्या जागी ती बसली असती. तेलाची रांग गेली चुलीत, ती बसलीच असती. मग तिच्या जागी केक कसा काय होता?

कलम पाचवं. तोंड फुलवायचं हत्यार, म्हणजे भोकांची पट्टी, वर दाबायचा स्क्रू, सुळका आणि सगळे ठोकळे, यामिल्काला. त्याला अट नाही. हिरवी गाडी ओस्मानीला, पण अट आहे: त्याने जेनेरोसाच्या दारात, लोकांसमोर, ती नळी कोणी केली ते आपल्या तोंडाने सांगावं. नाही सांगितलं तर गाडी जेनेरोसाला द्यावी, भिंतीबद्दल.

कलम सहावं. माझी पेटी हिरवीतून न्यावी. भाड्याच्या शववाहिनीचे ब्रेक दारावरून जाताना ऐकू येतात. तसल्या गाडीत मी मेल्यावरही बसणार नाही. हिरवीची नळी यामिल्काने करावी. गाडी ओस्मानीने चालवावी. पेटीचं झाकण नीट ठोकावं.

इथपर्यंत काल लिहिलं आणि साक्षीदारांना वाचून दाखवलं. त्यानंतर जे झालं ते पुरवणी म्हणून जोडते. अक्षर हललं आहे, ते भावनेने नाही. कास्तुलो टेबलाला टेकून हसतो आहे.

जेनेरोसा आणि कास्तुलो, दोघंही साक्षीदार. वाचन संपलं तशी जेनेरोसा म्हणाली, “उबाल्दिना, केकचं तू याआधी कधी बोलली नाहीस.”

“शंभरदा बोलले. तू कपाटाच्या काचा गोळा करत होतीस.”

कास्तुलोला भलतीच शंका. “पण पेटी मावेल का आत? माप घेतलंय का कोणी?”

माप घेतलेलं नव्हतं. तेव्हा मी ठरवलं की त्याच दिवशी तालीम करायची, मी स्वतः आत आडवी पडून. माझ्या मरणाचं काम मी इतरांवर सोडून मरणार नाही. मी दोघा मुलांना अंगणात बोलावलं.

“आईला सांग, मी त्याच्या गाडीला हात लावणार नाही,” यामिल्का कास्तुलोला म्हणाली.

“गाडी त्याची कधी झाली गं? मी अजून जिवंत आहे, गाडी माझी आहे. हात धू आणि कामाला लाग.”

ओस्मानी मागे वळला. माळ्यावर गेला आणि पोलादी नळी घेऊन खाली आला, कोरी, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. ती त्याने कधी आणून ठेवली होती कोण जाणे. यामिल्काने नळीकडे पाहिलं, त्याच्याकडे नाही, आणि घेतली.

मी माझ्या पोरीला तीन वर्षांनी काम करताना पाहिलं. नळी कापली, कड कानशीने साफ केली, नट आधी चढवला (लेओविहिल्दो, बघतोयस ना?), पट्टीत धरली, ठोकळ्याच्या जाडीएवढीच वर ठेवली, दाबली, ठोकळा काढला, सुळका लावला, पुन्हा दाबली. हात तसूभर विसरला नव्हता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मेल्यावर रडता येणार नाही.

मग ब्रेकमधली हवा काढायची. हे काम एकट्याला होत नाही. एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने चाकाशी आडवं पडून नट सैल करायचा, आणि दोघांनी एकमेकांना ओरडून सांगायचं. कास्तुलो पेडलकडे निघाला, त्याला मी नजरेनेच परत खुर्चीत बसवलं. ओस्मानी आत बसला. यामिल्का चाकाशी. वर गच्चीवर नुसती कबुतरं घुमत होती.

शेवटी चाकाखालून आवाज आला, “दाब.”

“दाबला.”

“धर.”

“धरलाय.”

“सोडू नकोस हां. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही.”

“नाही सोडत.”

तीन वर्षांनी माझ्या मुलांनी एकमेकांशी बोललेले हे पहिले शब्द. मी इथे जसेच्या तसे नोंदवते, कारण याहून चांगलं मी त्यांच्याकडून काही मागितलं नसतं.

हिरवी विटांवरून उतरवली आणि तालमीत मी मागे आडवी पडले. मावते. खाली ग्रीस होतं म्हणून यामिल्काने मला पांढऱ्या चादरीत गुंडाळलं, आणि इथे जरा घोटाळा झाला. गल्लीतल्या बायकांनी मला हिरवीत चादरीत पाहिलं आणि एकच गळा काढला. “गेली गं बाई उबाल्दिना! स्वभावाने वाईट होती, पण मनाने चांगली!” कोण म्हणालं ते मी चादरीतून ओळखलं आहे. लोक गाडीमागे चालू लागले. लोक ओळीत दिसले की आमच्याकडे पाय आपोआप थबकतात, तसं वरच्या गल्लीतून पिशवी घेऊन आलेल्या एका बाईने विचारलं, “रांगेत शेवटचं कोण? काय आलंय, तेल की कोंबडी?” तिला म्हणाले, प्रेत आहे. ती तरीही थांबली.

टोकाला गाडी वळली. यामिल्का खिडकीकडच्या जागी बसली, कोणाला सांगावं लागलं नाही. ओस्मानी गाडी सोडेना.

“यामी, तू उतर. मी एकटाच नेतो,” तो म्हणाला.

“नळी मी केलीय. चल.”

हिरवी सुटली. आमचं दार आलं, गेलं. तळाशी जेनेरोसा नव्या कपाटाला मिठी मारून उभी होती. ओस्मानीने पाय दिला, आणि हिरवी, काय सांगू, अशी अलगद थांबली की माझी चादरही सरकली नाही. भिंतीपासून हातभर अलीकडे.

ओस्मानी उतरला. मला वाटलं होतं तो पळेल; तेही मी मनात धरलं होतं. तो जेनेरोसासमोर जाऊन उभा राहिला आणि मागच्या गर्दीलाही ऐकू जाईल असा बोलला.

“जेनेरोसा मावशी, ती नळी मी केली होती. फ्रिजच्या तांब्याची. यामीने नाही. यामीची जागा रिकामी होती म्हणून मी तिथे केक ठेवला. मी खोटं बोललो, आणि मग रोज बोलावं लागलं.”

कास्तुलोने टोपी काढली. यामिल्का खिडकीकडच्या जागेवरून उतरली, त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या मानेवर अशी सणसणीत चापट मारली की कबुतरं असती तर उडाली असती. मग तो हात तिने तिथून काढला नाही. तो तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला.

जेनेरोसा कपाट सोडून पुढे आली. “यामिल्का,” ती म्हणाली, “कॉफी ठेवलीय. आत ये. तीन वर्षांची एकदम पाजते.”

तेवढ्यात मी मागून उठून बसले आणि म्हणाले, “मलापण दे.” किंकाळ्या कोब्रेपर्यंत गेल्या असतील. पिशवीवाली बाई मात्र जागची हलली नाही. तिचा रांगेत नंबर जवळ आला होता.

तेव्हा पाचव्या कलमाची अट पुरी झाली. हिरवी ओस्मानीची. गॅरेजची पाटी मी तिसऱ्या कलमात म्हटल्याप्रमाणे ठेवावी, पण तिच्याखाली आणखी एक ओळ वाढवावी: ‘आता यामिल्का करते’. काल संध्याकाळी एक टॅक्सीवाला दारात थांबून यामिल्काला म्हणाला, “ताई, पेडल जरा मऊ लागतंय.” तिने लायटरचं स्टूल पायाने बाजूला सारलं.

कलम शेवटचं. हिरवीचं पुढचं आसन एकसंध आहे, तिघांचं. माझ्या अंत्ययात्रेला ओस्मानीने चालवावं, यामिल्काने खिडकीकडे बसावं, आणि मधल्या जागी केक ठेवावा, निळ्या फेसाचा, तीन मजली. तो कोणीही हाताने धरायचा नाही. पंचाहत्तरीचा माझा केक माझ्या दारावरून पुढे निघून गेला, त्याचा घास मला मिळाला नाही, आणि ती एक गोष्ट माझ्या मनात राहून गेली आहे. दारासमोर गाडी थांबवावी, मला तो दाखवावा, मग पुढे न्यावं. स्मशानाच्या फाटकाशी तो दोघांनी मिळून कापावा आणि माझ्या नावाने खावा. पण वाटेत तो कलंडला, तर मला पुरायचं नाही. परत वर न्यावं, यामिल्काने नळ्या तपासाव्यात, दोघांनी मिळून हवा काढावी, नवा केक आणावा आणि मला पुन्हा खाली आणावं. कितीही वेळा लागलं तरी चालेल. मला घाई नाही.

हे मी पूर्ण वाचलं, मला पटलं, आणि गुडघ्यांखेरीज सगळ्या शरीरानिशी याखाली सही केली.

सही: उबाल्दिना पोर्तुओन्दो
तिवोली, सान्तियागो दे कुबा, १७ फेब्रुवारी २०१९

साक्षीदार: कास्तुलो बेताशेस. सोंगट्यांबद्दलचा आरोप अमान्य, बाकी सगळं माझ्यासमोर झालं.

साक्षीदार: जेनेरोसा दुवेर्गेल. वाचलं. केक मी करीन. पण इतक्यात नको.